साडेआठची नोंद

आषाढात कोयनेच्या खोऱ्यातल्या पाटणला गेले होते. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेरच्या खोलीत आले तर माझे वडील, आप्पा, कॉम्प्युटर सुरू करत होते. आधी भिंतीवरचं बटण, मग कॅबिनेटचं. विंडोजचं चित्र येण्याआधीच काळ्या पडद्यावर इंग्रजीतल्या दोन-तीन पांढऱ्या ओळी उमटल्या आणि यंत्र थबकलं. आप्पांनी त्या ओळी वाचल्या नाहीत, बोट सरळ एफ-१ वर गेलं. सेटिंगची निळी चौकट उघडली. त्यांनी मान वळवून कालनिर्णयकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि बाणाच्या कळांनी महिना, दिवस, साल, तास, मिनिटं असं एकेक बदलत गेले. एफ-१० दाबलं. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. तोवर विंडोज उघडलं होतं. त्यांनी पावसाच्या नोंदीची फाइल उघडून आजचा आकडा भरला. "आप्पा, हे रोज करता तुम्ही?" मी विचारलं. "हां. रात्रीत तारीख मागं जाते याची. २०१४ ला जाऊन बसतंय. मग वेबसाइटी उघडत नाहीत. बदलली की चालतंय की."

चालतंय की.

हे दोन शब्द दिवसभर माझ्या डोक्यात राहिले. आमच्या भागात ते उठता-बसता कानावर पडतात, त्यात नवं काही नाही. पण आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी उपकरणं सांभाळली. मापनाच्या काचेला बारीक चीर दिसली तर ते ती बदलून घेतल्याशिवाय जागचे हलत नसत. पर्जन्यमापकाच्या आसपास झाड वाढलं आणि त्याची फांदी पावसाच्या वाटेत येऊ लागली तर वर लिहून कळवत. वस्तू बिघडली तर ती दुरुस्त करायची, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. तोच माणूस रोज सकाळी एका यंत्राला आजची तारीख हाताने सांगतो, कित्येक महिने सांगतो, आणि फोनवर कधी एका शब्दाने बोलत नाही. कारण त्यांच्या लेखी हा बिघाडच नव्हता. कॉम्प्युटर असाच असतो, अशी त्यांनी मनाशी नोंद करून ठेवली होती.

आप्पांच्या आयुष्यात तारखेचं मोल काय आहे हे सांगायला हवं. पावसाची मोजणी देशभर सकाळी साडेआठला होते. काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत जे पाणी मापकात साठलं, ते आजच्या तारखेला लिहायचं. म्हणजे काल दुपारी कोसळलेली सर आजच्या खात्यात जाते. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं, पण सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजलं तरच पाटणचा आकडा नवजाच्या, कोयनानगरच्या, महाबळेश्वरच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. दिवसभरात अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. हंगामाची बेरीज १ जूनपासून. निवृत्तीनंतर आप्पांनी परसात स्वतःचा मापक बसवला आणि नोंद चालूच ठेवली. सव्वाआठला ते रेडिओ बंद करतात, छत्री घेतात, काचेचं मापनपात्र घेतात आणि अंगणात उतरतात. पाणी ओतून, काच डोळ्याच्या पातळीत धरून, श्वास रोखल्यासारखे क्षणभर थांबतात. आकडा आधी पेन्सिलीने वहीत जातो, मग कॉम्प्युटरमध्ये. अशा माणसाच्या टेबलावरचं यंत्र रोज रात्री ११ वर्षं मागे जात होतं.

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी कॉलेजात होते. कऱ्हाडच्या एका दुकानातून जोडून आणलेला, फुगीर मॉनिटरचा. आईने त्याच्यासाठी फुलाफुलांचं आवरण शिवलं होतं आणि दसऱ्याला त्याच्यावर झेंडूची माळ चढायची. त्या काळी काही अडलं की दुकानातला मुलगा यायचा. त्याच्याकडे सीडींचं जाड पाकीट आणि एकच स्क्रू ड्रायव्हर असे. यंत्र सुरू होत नसेल तर तो रॅमची पट्टी काढायचा, तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासायचा आणि परत बसवायचा. ते बऱ्याचदा चालायचंही, कारण दमट हवेत त्या टोकांवर थर साचतो आणि तो निघाला की संपर्क पुन्हा जुळतो. पण बाकी कुठल्याही तक्रारीवर त्याचं उत्तर ठरलेलं असे: फॉरमॅट मारावा लागेल. आवाज येत नाही, फॉरमॅट. प्रिंटर अडतो, फॉरमॅट. अक्षरं चौकोन-चौकोन दिसतात, फॉरमॅट. तेव्हाच्या विंडोज एक्स्पीत देवनागरी नीट दिसायला सेटिंगमध्ये एका खुणेवर टिक करून मूळ सीडीतून काही फाइली घ्याव्या लागत, एवढंच काम होतं. त्यासाठी घरातले फोटो, पत्रं, हिशेब सगळं पुसलं जायचं आणि नवं कोरं निळं आकाश-हिरवं माळरान पडद्यावर यायचं. मला त्या चित्राची तेव्हा धास्ती वाटायची. काहीतरी गेलं, असा त्याचा अर्थ होता.

मला वाटतं, यंत्राबद्दल गप्प राहायची सवय तिथूनच लागली असावी. तक्रार केली की सगळं पुसलं जाणार असेल तर माणूस तक्रार कशाला करेल? तो वळसा घालून जायला शिकतो. असे वळसे मी किती घरांत पाहिलेत. एका मावशींचा पासवर्ड आकड्यांचा आहे आणि यंत्र सुरू होताना उजवीकडच्या आकड्यांच्या कळा बंद असतात. त्या दर वेळी आधी नम-लॉक दाबतात, मग आकडे. शेजारच्या काकांचा प्रिंटर एखादं पान अर्धवट अडलं की पुढचं काहीच छापत नाही. ते दोन्ही यंत्रं बंद करून, जेवून येऊन पुन्हा लावतात. खरं म्हणजे रांगेत अडकलेली ती एक फाइल काढायची असते. विंडोजच्या सेवांच्या यादीत जाऊन छपाईची रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर थांबवायचा, सिस्टिम-३२ च्या आतल्या स्पूल फोल्डरमधल्या प्रिंटर्स फोल्डरातली अडकलेली फाइल पुसायची, स्पूलर पुन्हा सुरू करायचा. दोन मिनिटांचं काम. एका मैत्रिणीच्या सासऱ्यांच्या पडद्यावर खालची पट्टी कधीतरी ओढली जाऊन उजव्या कडेला उभी राहिली, आणि ते तिथूनच सगळं उघडायला शिकले. या माणसांना काय विचारायचं हेच ठाऊक नसतं. आपल्याला होतो तो त्रास म्हणजे काहीतरी वेगळं, सुटू शकणारं आहे, ही शक्यताच त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते. आणि तरुण माणसं त्यांच्या पडद्याकडे पाहायला थांबत नाहीत. फोनवरून "रीस्टार्ट करा" म्हणतात आणि ठेवतात. याचा मला राग येतो. दुरुस्तीचं निम्मं काम शेजारी खुर्ची ओढून बसण्यात आहे.

त्या रात्री मी आप्पांना एकच विनंती केली, भिंतीवरचं बटण आज बंद करू नका. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी केलं. सकाळी यंत्र लावलं तर त्या पांढऱ्या ओळी आल्या नाहीत. तारीख आजची, वेळ बरोबर. आप्पा पडद्याकडे आणि मग भिंतीकडे बघत राहिले.

कारण हाती लागलं होतं.

कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर एक लहानसं घड्याळ असतं. यंत्र बंद असलं तरी ते चालू राहतं. त्याच्या मुळाशी एक क्वार्ट्झचा स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक सेकंद उरतो. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये असं घड्याळ नव्हतं. यंत्र लावलं की ते माणसाला आजची तारीख विचारायचं. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ बोर्डावरच आलं आणि तो प्रश्न थांबला. आजच्या यंत्रांत या घड्याळाला दोन ठिकाणांहून वीज मिळते. भिंतीवरचं बटण चालू असेल तर कॅबिनेट बंद असतानाही वीजपुरवठ्याच्या पेटीतून थोडीशी वीज बोर्डावर येत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालतं. बटण बंद केलं की सगळा भार एका नाण्याएवढ्या सेलवर. सीआर-२०३२ हे त्याचं नावच त्याचं माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तीन व्होल्टचा लिथियम सेल. ज्या घरात रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद होतं, तिथे हा सेल लवकर संपतो. तो संपला की घड्याळ पुसलं जातं आणि यंत्र बोर्ड बनवणाऱ्याने भरून ठेवलेल्या पहिल्या तारखेपासून मोजायला लागतं. आप्पांच्या यंत्राची ती तारीख १ जानेवारी २०१४.

"पण ते इंटरनेटवरून आपोआप वेळ घेतं असं म्हणतात ना?" आप्पांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता, त्या सेटिंगवर टिक होतीच. घरगुती विंडोज ठरावीक काळाने वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतं आणि आपलं घड्याळ जुळवून घेतं. पण त्याला एक मर्यादा घातलेली आहे. फरक ५४,००० सेकंदांपेक्षा, म्हणजे १५ तासांपेक्षा जास्त निघाला तर ते आलेली वेळ स्वीकारत नाही. एवढा मोठा फरक म्हणजे काहीतरी चुकतंय, तेव्हा माणसाने हात घालावा, असा त्यामागचा विचार. हे ऐकून आप्पांचा चेहरा उजळला. "बरोबर आहे. एखाद्या दिवशी ५० च्या जागी ५,००० मिलिमीटर आकडा आला तर आम्ही तो वर पाठवायचो का? आधी पुन्हा मोजायचो." त्यांना यंत्राचं वागणं पहिल्यांदा ओळखीचं वाटलं असावं. वेबसाइटी का उघडत नाहीत, तेही मग लगेच समजलं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं. बऱ्याच प्रमाणपत्रांची मुदत अवघी ९० दिवसांची. २०१४ मध्ये बसलेल्या यंत्राला यातलं प्रत्येक प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं दिसतं, आणि ब्राउझर दार लावून घेतो. फायलींचंही तेच. तारीख बदलायच्या आधी घाईत काही जतन केलं की ती फाइल २०१४ ची होते आणि यादीत तळाशी जाऊन बसते. आप्पा म्हणायचे, "नवी फाइल खाली पळते." तेव्हा कोणाला त्याचा अर्थ लागला नव्हता.

पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाने फोनवर सोपा उपाय सांगितला, बटण चालूच ठेवायला सांग ना वडिलांना. मला तो उपाय नको होता. रात्री बटणं बंद करणं ही आप्पांची लहर नाही. वळवाच्या दिवसांत आमच्या खोऱ्यात विजा अशा पडतात की डोंगराच्या कडा दिवसासारख्या दिसतात. एका वैशाखात शेजारच्या घरातला टीव्ही आणि आमचा मोडेम एकाच रात्री जळाले. तेव्हापासून झोपण्यापूर्वी आप्पा घरभर फिरून प्लग तपासतात. आईला त्या बटणांच्या टकटक आवाजाशिवाय झोप येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तारांवर फांद्या पडून वीज जाते ती कधी रात्रभर येत नाही. ज्या कोयनेच्या पाण्यावर एवढी वीज तयार होते तिच्याच काठावर अंधार असतो, याचं आप्पांना अजून वाईट वाटतं. या घराला रात्री बटण बंद करणं शोभतं. बदलायचा होता तो सेल.

सेल कऱ्हाडला एका घड्याळवाल्याकडे मिळाला. हाच सेल वजनकाट्यात असतो, साखर मोजायच्या काही यंत्रांत असतो, गाडीच्या किल्लीत असतो. दुकानदाराने मीटर लावून तीन व्होल्टच्या वर आकडा दाखवला आणि मगच पाकीट हातात दिलं. घरी येऊन आम्ही आधी सेटिंगच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले. हे महत्त्वाचं आहे. सेल काढला की तारखेबरोबर बाकीची सेटिंगंही मूळपदावर जाऊ शकतात, आणि हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत बदलली तर विंडोज सुरूच होत नाही. माणूस घाबरतो आणि पुन्हा तेच, फॉरमॅट. मग प्लग काढला. कॅबिनेटचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला. आत धुळीचा मऊ राखाडी थर, पंख्याच्या पात्यांवर चिकट कड, एका कोपऱ्यात पालीच्या अंड्याची पांढरी टरफलं. ओल आणि गरम प्लास्टिकचा मिसळलेला वास. आप्पांनी जुन्या रंगाच्या ब्रशने, पुस्तकावरची धूळ झटकावी इतक्या हलक्या हाताने सगळं साफ केलं. सेलच्या खोबणीला एक लहान खिटी असते. ती बोटाने बाहेर ढकलली की सेल स्वतःच वर उडी घेतो. आप्पांनी तो मीटरवर धरला: २.४ व्होल्ट. त्यांनी वही मागवली आणि आकडा लिहून घेतला. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवला, खिटी वाजली.

तारीख भरताना मात्र मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ती चौकट आधी महिना विचारते, मग दिवस. आप्पांना ते सवयीचं झालं होतं. पण त्यावरून मनात एक शंका आली आणि विंडोज सुरू झाल्यावर मी पावसाची फाइल जरा वेगळ्या नजरेने पाहिली. तारखांच्या रकान्यात प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस उजव्या कडेला टेकलेले होते आणि तेराव्या दिवसापासूनचे डाव्या कडेला. "हे असंच येतं," आप्पा म्हणाले. "मला वाटलं महिन्याच्या सुरुवातीचं वेगळं दिसावं म्हणून करतंय."

काही वर्षांपूर्वी यंत्र फॉरमॅट झालं तेव्हा प्रदेशाच्या सेटिंगमध्ये अमेरिका तशीच राहून गेली होती. अशा यंत्रावर 'आठ-सहा' म्हणून भरलेली ८ जूनची तारीख ऑगस्टची ६ होते. पडद्यावर ती जशी लिहिली तशीच दिसते, ८/६. त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. १३ जून भरली की मात्र तेरावा महिना नाही म्हणून स्प्रेडशीट तिला तारीखच मानत नाही, साधा मजकूर समजून डावीकडे ढकलते. महिन्यातून एकच दिवस दोन्ही वाचनांत सारखा निघतो: ६ जून, ७ जुलै, ८ ऑगस्ट. बाकीचे अकरा दिवस वर्षभर विखुरले जातात. मी गंमत म्हणून नाही, खात्री करायला म्हणून त्या फाइलीवरून आलेख काढला. जानेवारीत पाऊस, मार्चमध्ये पाऊस, एप्रिलमध्ये पाऊस. आणि आषाढातल्या झडीचे निम्म्याहून जास्त दिवस गायब.

आता हे ऐका. आप्पा दरवर्षी पावसाचा आलेख हाताने काढतात. हिरव्या रेषांचा आलेखाचा कागद, निळी शाई, प्रत्येक दिवसाला एक उभी रेघ, हंगामाच्या शेवटी तो कागद फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटतो. घरात सगळे समजायचे, त्यांना हाताने काढायची हौस आहे. नात त्या रेघा रंगवायला बसायची. मी त्यांना नीट विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, आधी कॉम्प्युटरवर काढून पाहिला होता. उन्हाळ्यात पाऊस दाखवायला लागला. बेरजा मी ओळींवरून घेतो, त्या बरोबर येतात. आलेखाचं त्याला जमत नसेल म्हटलं, सोडून दिलं." आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी यंत्राची एक कमतरता समजून घेतली होती आणि तिच्या शेजारून आपली वाट काढली होती. मला ते ऐकून घशाशी काहीतरी आलं. इतकी वर्षं एका चुकीच्या सेटिंगने या माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं होतं, आणि त्याने त्या रिकाम्या जागी इतकी सुंदर गोष्ट उभी केली होती. दोन्ही खरं होतं.

दुरुस्ती फार अवघड नव्हती, फक्त सावकाश करायची होती. आधी वेळेचा पट्टा तपासला, तो भारताचाच होता. तोही चुकलेला असता तर हाताने लावलेली वेळ दिसायला बरोबर आणि आतून कित्येक तास चुकीची राहिली असती. म्हणून मी नेहमी सांगते, आधी पट्टा, मग प्रदेश, मग घड्याळ. कंट्रोल पॅनलच्या 'रीजन' मध्ये भारत निवडला, तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष केला. एवढ्याने नव्या नोंदी सुधारतात, जुन्या नाही. जुन्या फाइलीची प्रत काढून तिच्यात उजवीकडच्या तारखांचे दिवस आणि महिने सूत्राने उलटे केले, डावीकडचा मजकूर तोडून त्याची तारीख बनवली. मग आप्पा वही घेऊन बसले. ते तारीख आणि आकडा वाचायचे, मी पडद्यावर बोट ठेवून "बरोबर" म्हणायचे. बाहेर पागोळ्या गळत होत्या. आई अधूनमधून येऊन "झालं का रे देवा" म्हणत कांदाभजी ठेवून जात होती. एखाद्या नोंदीपाशी आप्पा थांबायचे. "या दिवशी केरा नदीला पूर आला होता." "हे बघ, या आठवड्यात एक थेंब नाही, आणि पेरण्या उरकलेल्या." पेन्सिलीतल्या आकड्यांतून त्यांना पूर्ण दिवस आठवत होता. संध्याकाळी नवा आलेख काढला. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून चढत जाऊन जुलैत शिगेला पोचणारा आणि भाद्रपदाकडे उतरत येणारा, आमच्या खोऱ्याचा ओळखीचा आकार पडद्यावर आला. आप्पा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, छान आहे, पण कागदावरचा मी काढणारच. रेघ ओढताना तो दिवस पुन्हा मनातून जातो.

त्या रात्री वेळेबद्दलच बोलणं निघालं. आप्पा म्हणाले, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, ते तेव्हा शाळकरी होते, आणि ती वेळ या खोऱ्यातल्या त्यांच्या वयाच्या कोणालाही झोपेतून उठवून विचारावी. मी त्यांना सांगितलं की जगाच्या प्रमाणवेळेनुसार तेव्हा १० डिसेंबरच होता, रात्रीचे २२ वाजून ५१ मिनिटं. भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय नोंदींत तो १० तारखेला सापडतो. त्यांना हे नवं होतं. पण साडेआठचं गणित त्यांना आधीच माहीत होतं: साडेआठातून साडेपाच तास वजा केले की जगाचे बरोबर तीन वाजतात, आणि जगभरच्या हवामान नोंदींच्या ठरलेल्या तासांपैकी तो एक. मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःची वेळ चालवली, देशाच्या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे, हेही त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं. मग मी १९ जानेवारी २०३८ बद्दल सांगितलं. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या प्रणालींमध्ये त्या मोजणीला ३२ बिटांचीच जागा ठेवलेली आहे, आणि ती त्या दिवशी जगाच्या ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. त्यापुढच्या सेकंदाला अशी न सुधारलेली यंत्रं १९०१ सालात जाऊन पडतील. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं झालेली असतील. "म्हणजे आपली नोंद झालेली असेल," आप्पा म्हणाले, आणि हिशेब केला की तेव्हा ते सत्त्याऐंशीचे असतील.

सेल बदलून आता पावसाळा सरला आहे. बटण रोज रात्री बंद होतं आणि सकाळी तारीख आजचीच असते. आप्पांनी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून सेल बसवल्याची तारीख आणि त्याचे व्होल्ट लिहून ठेवलेत.

पुढचा प्रश्न मोठा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला या यंत्रावरच्या विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. हे यंत्र विंडोज ११ ला चालत नाही, त्याचा प्रोसेसर जुना आहे आणि त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही. यंत्र अजून उत्तम चालतं, ते भंगारात द्यायला मी तयार नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहतेय. इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी टाइप होतं, 'ऱ्य' मधला अर्धा र नीट येतो, प्रिंटर ओळखला गेला, स्प्रेडशीट उघडते आणि तारखा उजवीकडेच राहतात. आप्पांची मागणी आहे की काही महिने दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी असाव्यात. तिथे पुन्हा घड्याळाचा प्रश्न येतो: विंडोज बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जगाची, आणि एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ नेमकी साडेपाच तासांनी सरकते. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेलला दोष देऊ नये, हे मी आईच्या वहीत लिहून ठेवलंय. उपाय दोन आहेत. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, एक नोंद करून त्याला जगाची वेळ पाळायला लावता येतं. मला पहिला सोपा वाटत होता. आप्पांना दुसरा हवाय. बोर्डावर जगाची वेळ असू दे म्हणतात, साडेआठला तिथे तीन वाजलेले असले पाहिजेत. तसंच करू. फक्त ते १ जूनच्या आत व्हायला हवं, कारण त्या सकाळी हंगामाची बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि त्यानंतर आप्पा यंत्राला हात लावू देणार नाहीत.